कामगाराच्या आत्महत्येला मालक गुन्हेगार केव्हा ठरतो: ग्रामीण विदर्भातील कुटुंबांनी पहिल्या दिवसापासून काय करावे

ग्रामीण रुग्णालयाच्या शवागाराबाहेर बसलेल्या कुटुंबाकडून पोलीस जो पहिला जबाब घेतात, त्याच्या शेवटी बहुधा एक ठरीव वाक्य असते: ‘मृत्यूबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही व कोणावर संशय नाही.’ मृतदेह लवकर ताब्यात मिळावा एवढीच त्या क्षणी घरच्यांची इच्छा असल्यामुळे ते वाक्य वाचले जात नाही, आणि तेराव्यानंतर जेव्हा सोबतचे कामगार येऊन मालकाने काय काय केले ते सांगू लागतात तेव्हा हेच वाक्य बचाव पक्षाच्या हाती आयते लागते. म्हणून पहिली सूचना हीच आहे की हा जबाब कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा, आणि कामाच्या ठिकाणच्या जाचाची कुणकुण असल्यास ‘मयत कामावर त्रासात होता, सविस्तर माहिती घेऊन तक्रार देईन’ एवढे तरी त्यात लिहून घ्यावे. तपशील तेव्हा माहीत नसला तरी चालतो. मात्र संशय नसल्याचे लिहून देऊ नये.

पुढे काय करायचे ते कळण्यासाठी कायदा नेमके काय मागतो हे आधी पाहावे लागेल. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम १०८ लागते. त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम ३०६ लागत होते. दोन्हींत आत्महत्येस प्रवृत्त करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून खटला सत्र न्यायालयात चालतो. ‘प्रवृत्त करणे’ म्हणजे काय हे कलम ४५ सांगते: चिथावणी देणे, कटात सामील होणे किंवा कृतीने अथवा बेकायदेशीर रीतीने कृती टाळून हेतुपुरस्सर साहाय्य करणे. मालकाविरुद्धची प्रकरणे जवळजवळ सगळी पहिल्या प्रकारावर, म्हणजे चिथावणीवर, उभी असतात. विवाहितेने लग्नानंतर सात वर्षांच्या आत आत्महत्या केली असता, क्रूर वागणूक सिद्ध झाल्यास, सासरच्यांविरुद्ध न्यायालय जे गृहीत धरू शकते तसे मालकाविरुद्ध काहीही गृहीत धरता येत नाही. येथे प्रत्येक गोष्ट पुराव्याने उभी करावी लागते. शिवाय कामगार बचावला असेल तर कलम १०८ लागत नाही. तेव्हा मारहाण, धमकी, डांबून ठेवणे अशा ज्या कृती घडल्या असतील त्यांची स्वतंत्र तक्रार करावी लागते.

जाच आणि चिथावणी यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून चांगला समजतो. पहिला महाराष्ट्रातलाच आहे. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये आत्महत्या केली. वरिष्ठ अतोनात काम लावतात, अवेळी आणि सुट्टीच्या दिवशी बोलावतात, महिन्याचा पगार थांबवला आणि वेतनवाढ रोखण्याची धमकी दिली, असे पत्नीचे म्हणणे होते. वैजनाथ कोंडिबा खांडके विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०१८ च्या निकालात न्यायालयाने गुन्हा रद्द केला, कारण काम लावणे किंवा पगार रोखणे एवढ्यावरून आत्महत्या घडवण्याचा गुन्हेगारी हेतू दिसत नाही. मात्र त्याच निकालात असेही म्हटले आहे की माणसाला मरणाकडे ढकलण्यासाठीच जाणूनबुजून तशी परिस्थिती निर्माण केली असेल तर कलम लागू शकते. दुसरा निकाल प्रवीण प्रधान विरुद्ध उत्तरांचल राज्य हा २०१२ चा. त्यात कारखान्यातील एका अभियंत्याने चिठ्ठीत लिहिले होते की वरिष्ठ गैरकृत्ये करायला भाग पाडतो, वारंवार अपमान करतो, स्वातंत्र्यदिनी सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर अपमान केला, आणि ‘तुझ्या जागी दुसरा असता तर त्याने आत्महत्या केली असती’ अशा अर्थाचे बोलला. तेथे न्यायालयाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. दोन्ही ठिकाणी माणूस गेला आणि दोन्ही ठिकाणी वरिष्ठावर आरोप होते. परंतु दुसऱ्या प्रकरणात सततचा, ठरवून केलेला अपमान होता आणि मरणाकडे बोट दाखवणारे शब्द होते.

रागाच्या भरात ‘जा, मर’ म्हटले एवढ्यावरून चिथावणी होत नाही, हे न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. चिठ्ठीत नाव असणे हेही पुरेसे नाही. दूरसंचार खात्यातील एका वाहनचालकाच्या चिठ्ठीत वरिष्ठाचे नाव होते, तरी २०१० मध्ये मदन मोहन सिंग प्रकरणात गुन्हा रद्द झाला, कारण चिठ्ठीत व्यथा होती पण वरिष्ठाने मरणासाठी काय केले ते नव्हते. खेड्यातला सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. ‘चिठ्ठीत नाव आहे, आता मालक सुटत नाही’ अशा भरवशावर कुटुंबे बाकीचा पुरावा गोळा करण्याचे सोडून देतात.

ऑक्टोबर २०२४ च्या निपुण अनेजा प्रकरणात न्यायालयाने कामाच्या नात्याविषयी काही प्रश्न मांडले, आणि तक्रार लिहिताना ते समोर ठेवण्यासारखे आहेत. आरोपीने असह्य छळाची अशी परिस्थिती निर्माण केली का, की मृताला दुसरी वाट दिसली नाही? त्याच्या मनाच्या दुबळेपणाचा फायदा घेऊन ‘तुझे जगणे निरर्थक आहे’ असे त्याला वाटायला लावले का? कुटुंबाला इजा करण्याची किंवा पुरते देशोधडीला लावण्याची धमकी दिली का? चारचौघांत अब्रू जाईल असा खोटा आळ घेतला का? जिनिंगमधील हमालावर सरकी चोरल्याचा, पतसंस्थेच्या दैनिक ठेव एजंटावर अपहाराचा, सालगड्यावर बैल विकल्याचा खोटा आळ घेऊन त्याला गावासमोर उभे करणे या शेवटच्या प्रश्नात बसते, आणि आपल्याकडच्या प्रकरणांत नुसत्या कामाच्या ताणापेक्षा तो धागा अधिक बळकट असतो.

आता प्रत्यक्ष तक्रारीकडे येऊ. ‘मालक मयतास सतत मानसिक त्रास देत असे, त्या त्रासाला कंटाळून त्याने आत्महत्या केली’ या वाक्याने गुन्हा दाखल होईलही, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर रद्द करण्याचा अर्ज आला की ते वाक्य टिकत नाही. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, कोणासमोर, कोणत्या शब्दांत, कशासाठी, आणि त्यानंतर किती तासांनी किंवा दिवसांनी मृत्यू, एवढ्या गोष्टी प्रत्येक प्रसंगासाठी लिहाव्यात. सालगड्याच्या बाबतीत असे लिहिता येईल: ‘तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी मालकाच्या गोठ्यासमोर, अमुक आणि अमुक हजर असताना, मालक म्हणाला की उचल फिटत नसेल तर बायकोला कामाला पाठव, नाही तर जीव देऊन मोकळा हो, त्या रात्री माझे पती जेवले नाहीत आणि मला हे शब्द सांगितले, तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.’ शब्द जसे उच्चारले तसेच, बोलीत लिहावेत, शिव्यासुद्धा. तक्रार लिहून देणारा बहुधा त्यांचे ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ’ असे सोवळे रूपांतर करतो आणि हेतू दाखवणारा पुरावा तिथेच पुसला जातो.

साक्षीदारांना तारखा आठवत नाहीत, हे खरे आहे. पण आठवडी बाजार, पोळा, गुढीपाडव्याला ठरलेले साल, कापसाची पहिली वेचणी, पगाराचा दिवस हे आठवते. आधी या खुणांवर प्रसंग लावून घ्यावेत आणि मग दिनदर्शिका समोर ठेवून तारीख काढावी. ज्याची तारीख निघत नाही त्याला ओढून ताणून तारीख देऊ नये. उलटतपासणीत एक चुकीची तारीख चार खऱ्या तारखांना खाऊन टाकते.

घरात कर्ज असेल, आजारपण असेल, मुलीच्या लग्नाची ओढाताण असेल, तर ते लपवू नये. बँकेची वसुलीची नोटीस, दारूचे व्यसन, भावकीतला वाद बचाव पक्ष शोधून काढणारच आहे. तक्रारीतच ते मोकळेपणाने सांगून, तरीही शेवटच्या दिवसांत नवे काय घडले ते दाखवणे अधिक विश्वासार्ह ठरते. आपल्या भागात तर अशा मृत्यूकडे तहसील कार्यालय आधी शेतकरी आत्महत्या म्हणून पाहते आणि चर्चा ‘पात्र की अपात्र’ यावर येऊन थांबते. ती एक लाख रुपयांच्या मदतीची प्रशासकीय चौकशी आहे, तिचा फौजदारी तपासाशी संबंध नाही; तिचा निकाल लागेपर्यंत तक्रार थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

आरोपी कोणाला करावे, याबाबत संयम हवा. संस्थाचालकाच्या जाचाची तक्रार असेल तर संस्थेचे अध्यक्ष, सचिव, सगळे संचालक आणि मुख्याध्यापक अशी अकरा नावे घालण्याची रीत पडली आहे. दंड संहितेत दुसऱ्याच्या कृत्यासाठी केवळ पदामुळे कोणी जबाबदार ठरत नाही. सुनील भारती मित्तल प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या संचालकांबाबत हेच सांगितले. कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनी येते आणि तिला दंड होऊ शकतो, पण माणसाला आरोपी करायचे तर त्याची स्वतःची कृती दाखवावी लागते. ज्यांच्याविरुद्ध एकही प्रसंग नाही त्यांना अटकपूर्व जामीन सहज मिळतो, आणि त्या आदेशातील निरीक्षणे मग मुख्य आरोपीही वापरतो. उलट मुकादम किंवा दिवाणजी हा प्रत्यक्ष जाच करणारा असेल आणि तो मालकाच्या सांगण्यावरून करत होता असे म्हणायचे असेल, तर ते सांगणे कोणी ऐकले याचा साक्षीदार लागेल.

पुराव्यातला सर्वांत नाजूक भाग मोबाइल आहे. मृताचा फोन अंदाजाने पॅटर्न लावून उघडण्याचा प्रयत्न करू नये, रिसेट करू नये, आणि सिम बंद पडू नये म्हणून रिचार्ज चालू ठेवावे. पोलिसांनी तो पंचनामा करून, सीलबंद करून न्यावा आणि पंचनाम्याची प्रत मागावी. घरच्यांच्या किंवा सहकाऱ्यांच्या फोनमध्ये ध्वनिमुद्रण वा संदेश असतील तर ज्या फोनमध्ये ते मूळ आहेत तो फोन जपावा. एकाने दुसऱ्याला पाठवलेल्या प्रतीची किंमत कमी असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते, ज्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइल बदलली तर बदलणारी तिची सांकेतिक खूण) नोंदवावे लागते; ते काम वकिलाकडून वेळेत करून घ्यावे. कारखान्यातील सीसीटीव्हीचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते आणि कॉलच्या नोंदी जतन कराव्यात असा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात ठाणेदारांना द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

चिठ्ठी सापडल्यास तिच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ती पंचांसमक्ष पोलिसांकडे द्यावी. हस्ताक्षर तज्ज्ञाला तुलनेसाठी मृताने त्याच सुमारास सहज लिहिलेला मजकूर लागतो: हजेरीचे रजिस्टर, उधारीची वही, बँकेची पावती, मुलांच्या वहीवरचा हिशेब. हे कागद घर आवरताना रद्दीत जातात. चिठ्ठी नसली तरी खचून जाण्याचे कारण नाही. मृत्यूच्या कारणाविषयी किंवा ज्या परिस्थितीतून मृत्यू ओढवला तिच्याविषयी मृताने आधी कुणाजवळ बोलून ठेवले असेल, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ नुसार ते बोलणे पुराव्यात येऊ शकते. चहाच्या टपरीवरचा मित्र, माहेरी फोनवर बोललेली बहीण यांचे जबाब म्हणूनच लवकर नोंदवून घ्यावेत. माणूस काही दिवस रुग्णालयात जगला असेल तर डॉक्टरांकडून शुद्धीवर असल्याची खात्री घेऊन कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी जबाब नोंदवावा, अशी मागणी नातेवाइकांनी स्वतः करावी.

तालुक्यातून रुग्ण यवतमाळला, सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला हलवला जातो आणि मृत्यू तिथे होतो. मग मर्गाची, म्हणजे अकस्मात मृत्यूची, नोंद त्या शहरातील ठाण्यात होते आणि कागद गावच्या ठाण्याकडे यायला वेळ लागतो. या मधल्या काळात ‘मर्ग आला नाही, आम्ही काही करू शकत नाही’ हे उत्तर ऐकावे लागते. ते बरोबर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, नोंदवून घेणे ठाण्याला बंधनकारक आहे आणि नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने, पोच घेऊन, तक्रार पाठवावी. तिथेही काही न घडल्यास शपथपत्रासह प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ खाली अर्ज करावा. आरोपी शासकीय अधिकारी असेल आणि आरोप त्याच्या कर्तव्याशी जोडलेले असतील तर दंडाधिकारी आधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवतात, त्यामुळे वेळ अधिक लागतो. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातील हरिसाल येथे एका महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आत्महत्या केली, चिठ्ठीत वरिष्ठाचे नाव होते आणि त्याला अटकही झाली. शासकीय वरिष्ठ कायद्याबाहेर नाही हे त्यातून दिसते. पण अटक ही तपासातील पायरी आहे, ती दोषसिद्धी नव्हे.

केवळ कलम १०८ वर सगळा भार टाकू नये. ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचे नाही’ अशी अट सालगड्यावर किंवा वीटभट्टीच्या मजुरावर होती, तर ती १९७६ च्या कायद्याने बंदी घातलेली वेठबिगारी असू शकते आणि तिची तक्रार उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे स्वतंत्रपणे करता येते. मृत व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असून जातीवरून अपमान झाला असल्यास अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागतात. मग तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि अटकपूर्व जामिनाला त्या कायद्याची आडकाठी येते. जातीचा दाखला म्हणूनच पहिल्याच दिवशी सोबत द्यावा. स्त्री कर्मचाऱ्याच्या बाबतीत लैंगिक छळाचा भाग असेल तर तो संकोचाने गाळू नये. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तेराव्यानंतर मध्यस्थ येतात, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सरपंच किंवा नात्यातला कोणी रक्कम घेऊन येतो आणि मुद्रांकावर ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून मागतो. हा गुन्हा तडजोडीने मिटण्याजोगा नाही. फिर्यादीशी समेट झाला म्हणून असा गुन्हा रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दक्षाबेन प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. थकलेला पगार, भविष्य निर्वाह निधी, त्यासोबतचा विमा, उपदान (ग्रॅच्युइटी) हा कुटुंबाचा हक्क आहे, आणि मृत्यूच्या बाबतीत उपदानासाठी पाच वर्षांच्या सेवेची अटही लागत नाही. ही रक्कम अवश्य घ्यावी, पण बँकेच्या खात्यातून, आणि पावतीवर ती कशाची आहे एवढेच लिहून. रोख घेतलेली मोठी रक्कम पुढे ‘पैशासाठी खोटी तक्रार’ या बचावाला जन्म देते.

मालकांसाठी थोडेसे. शिस्तीची कारवाई, बदली, चुकीबद्दल लेखी ज्ञापन, नियमाने केलेली वेतनकपात हा गुन्हा नाही, आणि ती करण्यास घाबरण्याचे कारण नाही. जानेवारी २०२५ मध्ये महेंद्र आवासे प्रकरणात न्यायालयाने पोलिसांनाही बजावले आहे की केवळ शोकाकुल कुटुंबाचे समाधान व्हावे म्हणून हे कलम यांत्रिकपणे लावू नये. मात्र जे बोलायचे ते बंद खोलीत, कागदावर आणि माणसाच्या पोटाला, बायकामुलांना, जातीला हात न घालता बोलावे. कामगार ‘जीव देतो’ म्हणाला तर थट्टा करू नये, त्याच्या घरच्यांना तात्काळ कळवावे आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या शासकीय क्रमांकाशी त्याला जोडून द्यावे. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. हाच क्रमांक मागे राहिलेल्या पत्नीला आणि मुलांनाही उपयोगाचा आहे.

गुन्हा दाखल झाला म्हणजे काम संपले असे नाही. तपास कोठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवले नाही तर लेखी विचारावे. पुरावा मिळत नसल्याचे कारण देऊन पोलीस न्यायालयात समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवू शकतात. तशी समरी स्वीकारण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकून घ्यावे लागते. ती नोटीस गावच्या पत्त्यावर येते, घर बंद असेल तर परत जाते, आणि समरी विनाविरोध मंजूर होते. म्हणून पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला तर ठाण्याला आणि न्यायालयाला लेखी कळवून ठेवावे, आणि नोटीस येताच कोणत्या साक्षीदाराचा जबाब घेतला गेला नाही, कोणता फोन तपासला गेला नाही आणि कोणत्या अर्जाची पोच आपल्याकडे आहे, हे एकेक दाखवणारा निषेध अर्ज दाखल करावा.